कबड्डीवर मत द्यायच्या आधी मॅच बघायची कशी

प्रो कबड्डीचा सीझन चालू असला की ज्याला त्याला मत असतं, अमक्याला उगाच एवढे पैसे दिले, तमका संपला आता, पलटणने फायनल हातची घालवली, कोच बदलायलाच पाहिजे होता वगैरे वगैरे. असू दे, खेळ आपलाय, मत असणारच. पण मला राहून राहून वाटतं की यातली निम्मी मतं मॅच न बघता नुसती रेड म्हणजे चढाईच्या पॉइंटची पट्टी बघून बनलेली असतात. कोणी दहा घेतले, कोणी पंधरा घेतले, झाला हिरो. कबड्डी अशी कळत नाही. म्हणून मॅच कशी बघायची, ऑक्शनवर बोलताना काय बघायचं, बातम्या आल्या की काय करायचं, हे जरा सविस्तर लिहितोय. मी पुणेरी पलटणचा कट्टर फॅन आहे हे आधीच सांगून टाकतो, उदाहरणं त्यांचीच जास्त येणार.

आधी गडी मोजा

स्कोअर नंतर बघा, मॅटवर कुठल्या बाजूला किती गडी उभेत ते आधी बघा. सगळी गोम तिथेच आहे. सात गडी समोर असताना चढाई करणं वेगळं आणि चार गडी समोर असताना वेगळं. समोर सहा किंवा सात असतील तरच बोनस, म्हणजे मागची बोनस रेषा ओलांडल्याचा पॉइंट, मिळतो, पाच झाले की बोनस बंद. म्हणजे ज्याचं अर्धं पोट बोनसवर भरतं असा रेडर समोर पाच जण राहिले की एकदम गप्प होतो आणि आपण म्हणतो आज त्याचा मूड नाही. मूड वगैरे काही नसतं हो, समोरच्या कोचने गणित करून ठेवलेलं असतं.

आणि समोर तीन किंवा त्याहून कमी गडी राहिले की सुपर टॅकल चालू होते, आपले पेपरवाले अव्वल पकड लिहितात ती. एका पकडीला दोन पॉइंट. आता इथे बघण्यासारखी गोष्ट अशी की ज्या टीमचे तीनच गडी उरलेत ती टीम कधी कधी मुद्दाम घाई करत नाही. त्यांचा रेडर जातो, इकडे तिकडे फिरतो, निदान रेषा, जी प्रत्येक चढाईत ओलांडावीच लागते, ती ओलांडतो आणि रिकामा परत येतो. बघणारा ओरडतो, अरे काय खेळतोयस, पॉइंट घे. पण तो पॉइंट घेऊन एक गडी उठला की मैदानात चार होणार आणि सुपर टॅकलचा फायदा गेला. तीनवरच राहायचं, समोरच्याला आत येऊ द्यायचं, धरायचा, दोन पॉइंट घ्यायचे आणि वर एक गडीही परत. हे कळलं की ती रिकामी चढाई तुम्हाला कंटाळवाणी वाटणार नाही, उलट तिथेच मॅच फिरताना दिसते.

लोणाचंही तसंच. लोण चढवला, म्हणजे समोरचे सगळे गडी बाद केले, की दोन जादा पॉइंट मिळतात, सगळे खूष. पण त्याच क्षणी समोरचे सातच्या सात ताजेतवाने होऊन परत उभे राहतात, बोनस परत चालू होतो, हे कोणी बोलत नाही. लोण दिल्यावरच्या पहिल्या दोन-तीन मिनिटांत काय होतंय ते नीट बघा. चांगली टीम तिथे ब्रेक लावते, साध्या टीमला लोणाची नशा चढते आणि घेतलेले दोन पॉइंट लगेच परत देऊन बसते.

तिसरी चढाई

लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी डू ऑर डाय, म्हणजे त्या तीस सेकंदात पॉइंट आणला नाही तर रेडर बाद. प्रो कबड्डीतला सगळा डाव याच्याभोवती फिरतो आणि नवीन बघणाऱ्याचं नेमकं इथे लक्ष नसतं, कारण आधीच्या दोन चढायांत काही घडलेलंच नसतं, तोवर तो फोन बघत बसलेला असतो. तसं करू नका. त्या दोन रिकाम्या चढाया कोणी घालवल्या, मुख्य रेडरने की दुसऱ्या-तिसऱ्याने, ते लक्षात ठेवा. बऱ्याच टीम्समध्ये तिसरी चढाई एका ठराविक माणसाच्याच गळ्यात असते आणि त्याच्या नावापुढे सीझनच्या शेवटी पॉइंट कमी दिसतात, बाद झाल्याचे आकडे जास्त दिसतात. मग लोक म्हणतात याला कशाला खेळवतात. अहो तो बिचारा सगळ्यात अवघड काम करतोय.

डू ऑर डायला बचाव काय करतो ते एकदा रेडरवरची नजर काढून बघा. दोन्ही कोपरे म्हणजे टोकाचे बचावपटू मागे सरकतात, पार मागच्या रेषेला टेकायला येतात. कव्हरवाले म्हणजे मध्यरक्षक मात्र अर्धं पाऊल पुढे राहतात, हात मोकळे. कोणी झेपावत नाही. कारण वेळ त्यांच्या बाजूने आहे, काही न करता तीस सेकंद गेले तरी पॉइंट त्यांचाच. रेडर कोपऱ्याकडे वळला की त्या कोपऱ्याचा पुढचा पाय बघा, तो पाय आमिष असतो. पाय दिसतो म्हणून रेडर हात घालायला वाकतो, वाकला की त्याचं वजन पुढे जातं आणि तेवढ्या वेळात बाजूचा माणूस कमरेत घुसतो. पकड कोपऱ्याने केली असं स्क्रीनवर दिसतं, पण ती चालू झाली होती त्या पायापासून आणि पूर्ण झाली बाजूच्याच्या धडकेने. म्हणून मी म्हणतो, निदान एक अख्खा हाफ फक्त डाव्या कोपऱ्याकडे बघून काढा. बॉलमागे धावणारी नजर क्रिकेटमध्ये ठीक आहे, इथे नाही चालत.

बोनसचंही जवळून बघण्यासारखं आहे. बोनस रेषेच्या पलीकडे एक पाय टेकला पाहिजे आणि त्याच वेळी मागचा पाय हवेत पाहिजे. मागचा पाय टेकलेला असेल तर बोनस नाही. रिव्ह्यूमध्ये अंपायर इतका वेळ काय बघतात असा प्रश्न पडतो ना, हेच बघतात. पुढच्या पायाचं सगळ्यांना दिसतं, भांडण असतं ते मागच्या पायाच्या बोटांचं.

नियम माहीत नसताना भांडू नका

याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे हांगझोऊ एशियन गेम्सची फायनल, २०२३ च्या ऑक्टोबरमधली, भारत विरुद्ध इराण. स्कोअर २८–२८, एकच मिनिट राहिलेलं जवळपास, आपला रेडर पवन सेहरावत डू ऑर डायवर. पवन कोणाला हात न लावताच लॉबीत, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्ट्यात, गेला आणि त्याला धरायला इराणचे बचावपटू पण मागोमाग लॉबीत गेले. आता कोण बाद? जुन्या नियमाने, टच न होता लॉबीत जे जे गेले ते सगळे बाद, रेडर पण आणि बचाववाले पण. आणि प्रो कबड्डीत जो नवा नियम वापरला जात होता त्याप्रमाणे फक्त रेडर बाद. एका नियमाने भारताला पॉइंटची लॉटरी, दुसऱ्या नियमाने इराणला एक पॉइंट आणि जवळपास गोल्ड. निर्णय इकडून तिकडे आणि तिकडून इकडे बदलला, दोन्ही टीम मॅटवर बसून राहिल्या, साधारण तासभर खेळ बंद. शेवटी भारत ३३–२९ ने जिंकला.

त्या रात्री मी जितकी मतं ऐकली त्यातल्या फार थोड्या लोकांना माहीत होतं की भांडण दोन वेगवेगळ्या नियमपुस्तकांचं आहे. कोणी म्हणे इराण रडतंय, कोणी म्हणे भारताने दादागिरी केली. माझं मत विचाराल तर गोल्ड आपलं आहे आणि त्याचा आनंद आहे, आपला अस्लम इनामदार त्या टीममध्ये होता त्याचा तर जास्तच, पण एवढ्या मोठ्या फायनलला कुठला नियम लागू आहे हे मॅटवर उभ्या असलेल्या अंपायरलाच नक्की माहीत नसणं ही खेळाला लाज आणणारी गोष्ट आहे. चूक ना पवनची ना इराणच्या पोरांची. देशात एक नियम, लीगमध्ये दुसरा, आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तिसरा असं चालू राहिलं तर हे परत होणार. गावच्या स्पर्धेत, राज्य अजिंक्यपदला आणि टीव्हीवरच्या लीगमध्ये कुठे काय वेगळं आहे ते तुमच्या ओळखीच्या एखाद्या पंचाला गाठून विचारा, आपल्याकडे मुंबईत लालबाग-परळपासून सांगली-कोल्हापूर-रत्नागिरीपर्यंत पंचांची काही कमी नाही आणि ते आवडीने सांगतात.

ऑक्शनवर बोलताना

हा सगळ्यांचा आवडता विषय. कोटींचा आकडा आला की डोकं फिरतं. तर २०२५ च्या ऑक्शनमधलेच आकडे घ्या. सगळ्यात महाग गेला इराणचा मोहम्मदरेझा शादलू, गुजरात जायंट्सने २.२३ कोटीला घेतला. दुसरा देवांक दलाल, बंगाल वॉरियर्सने २.२०५ कोटीला. अर्जुन देशवाल १.४०५ कोटीला तमिळ थलायवाजकडे. आणि सीझन संपल्यावर पहिल्या आठात म्हणजे पुढच्या फेरीत गुजरातही नाही, बंगालही नाही, तमिळही नाही. तिघंही खेळाडू वाईट आहेत का? अजिबात नाही, तिघंही पहिल्या दर्जाचे आहेत. पण एका माणसावर पर्सचा, म्हणजे टीमला खर्चायला मिळणाऱ्या पैशांचा, एवढा मोठा तुकडा गेला की बाकीच्या सहा जागांना काय उरतं ते बघायला पाहिजे आणि तेच कोणी बघत नाही.

देवांकचंच घ्या. ११व्या सीझनला पाटण्याकडून खेळताना ३०१ रेड पॉइंट, त्या सीझनचा नंबर एक रेडर. २९ डिसेंबर २०२४ ला आपल्या बालेवाडीत फायनल झाली, पाटणा विरुद्ध हरियाणा स्टीलर्स, आणि हरियाणाने ३२–२३ ने मारली. देवांकला त्यांनी हलूच दिलं नाही. नंबर एक रेडर ज्या टीमकडे होता ती हरली आणि बचाव ज्यांचा जास्त तगडा होता ती जिंकली. त्या हरियाणाच्या बचावात शादलू होता. त्याच्या आधीच्या सीझनला हाच शादलू आमच्या पलटणमध्ये होता, ९९ टॅकल म्हणजे पकडीचे पॉइंट घेतले त्याने त्या वर्षी आणि पलटण चॅम्पियन. १ मार्च २०२४, हैदराबाद, फायनल २८–२५, समोर हरियाणाच. स्कोअर बघा ना, २८–२५! चढायांचा पाऊस वगैरे काही नाही, घासून घासून काढलेली मॅच. अस्लम कॅप्टन, पंकज मोहितेने पहिल्या हाफला एका चढाईत चार जण टिपले, मागे गौरव खत्री कोपऱ्यात ठाम उभा. कोच बी. सी. रमेश यांनी त्या टीमचं सगळं ओझं एका रेडरवर कधी टाकलंच नव्हतं, अस्लम बाद झाला तर पंकज, पंकज बाद तर मोहित गोयत, असं चालायचं.

आता कोणी म्हणेल परदीप नरवालचं काय मग? बरोबर आहे, त्याचं उत्तर द्यायलाच पाहिजे. २०१७ ला परदीपने एकट्याने ३६९ रेड पॉइंट घेतले आणि पाटण्याला तिसऱ्यांदा लागोपाठ कप मिळवून दिला, हरियाणाविरुद्ध एका मॅचला ३४ रेड पॉइंट. बंगळुरूने जिंकलेल्या सहाव्या सीझनच्या फायनलला पवनने २२ घेतले. म्हणजे एकटा माणूस कप जिंकून देऊ शकतो हे खरं आहे, नव्हे, होतं. तेव्हाचे बचाव विस्कळीत असायचे, कोपरा एकटाच उडी मारायचा, हातात हात धरलेली बचावाची साखळी तुटायची आणि परदीप खाली वाकून त्यातून सुळकन निघून जायचा. त्या डुबकीचा तोड सगळ्या कोचेसनी पुढे शोधला. १८०१ रेड पॉइंटचा हा माणूस २०२५ च्या ऑक्शनला कोणीच घेतला नाही आणि मग त्याने खेळणं थांबवलं. मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण त्याचा खेळ संपला म्हणण्यापेक्षा बचाव पुढे गेला असं म्हणणं जास्त बरोबर आहे.

तर ऑक्शन बघताना काय करायचं, आकडा ऐकून लगेच बोलू नका. एक कागद घ्या आणि त्या टीमचे सात लिहा, डावा कोपरा, उजवा कोपरा, दोन्ही मध्यरक्षक, आणि तीन चढाईपटू. डावा कोपरा कोण हे तुम्हाला लिहिता आलं नाही तर ती टीम अजून तयार नाही, मग रेडर कितीही कोटीचा असू दे. दुसरं म्हणजे कोणाला आधीच रिटेन केलंय, म्हणजे टीममध्येच ठेवलंय, ते बघा. पर्स पाच कोटीची असली तरी रिटेन केलेल्यांचे पैसे त्यातूनच गेलेले असतात, त्यामुळे एखादी टीम गप्प बसली म्हणजे मालक कंजूष असं नसतं. आणि एफबीएम म्हणजे फायनल बिड मॅच कार्ड समजून घ्या, खेळाडूवर दुसऱ्या कोणी शेवटची बोली लावली की त्याची जुनी टीम तेवढ्याच पैशात त्याला परत घेऊ शकते. दिल्लीने आशू मलिकला १.९० कोटीला असंच परत घेतलं, लोक म्हणाले फार झालं. त्या सीझनला कप दिल्लीनेच नेला.

मराठी पोरांचं पण याच नजरेने बघा. सिद्धार्थ देसाई आपला चंदगडकडचा, यू मुंबाने सहाव्या सीझनला ३६.४ लाखाला घेतला आणि पोराने धुमाकूळ घातला, पुढच्याच वर्षी तेलुगू टायटन्सने १.४५ कोटी मोजले आणि ती टीम प्लेऑफला पण पोचली नाही. त्यावेळी किती बोलले लोक त्याला. मुंबईत त्याच्या मागे फझल अत्राचली आणि अख्खी तटबंदी होती, तो बाद होऊन बाकावर बसला तरी दोन मिनिटांत कोणीतरी पकड करून त्याला परत उठवायचं. तेलुगू टायटन्सकडे ते नव्हतं. रेडर बाहेर बसून पॉइंट घेऊ शकत नाही, त्याला परत आणणारा बचाव लागतो, मी वर गडी मोजा म्हणालो ते याच्यासाठी.

दुखापत आणि वादाच्या बातम्या

नववा सीझन, तमिळ थलायवाजने पवनला २.२६ कोटीला घेतला आणि पहिल्याच मॅचला त्याचा गुडघा गेला. सीझन बाद. सगळे म्हणाले तमिळचं यंदा काही खरं नाही. ती टीम सेमीफायनलला पोचली! नरेंदर नावाचं नवीन पोरगं उभं राहिलं आणि कोपऱ्यात सागर राठी, साहिल गुलिया यांनी मॅचेस काढून दिल्या. सेमीत आमच्या पलटणनेच त्यांना ३९–३७ ने कसंबसं हरवलं. आणि मग पलटण फायनलला जयपूरकडून ३३–२९ ने हरली, त्या फायनलला अस्लम आणि मोहित दोघंही दुखापतीने बाहेर होते, तरी चार पॉइंटनेच हरली. त्यामुळे स्टार बाहेर बसला की लगेच टीमला मूठमाती देऊ नका. दोन मॅच थांबा, त्याच्या जागी कोण येतंय आणि तिसरी चढाई आता कोण करतंय एवढं बघा.

वादाच्या बातमीत तर अजून जास्त थांबा. १२व्या सीझनला तमिळने पवनला सीझन चालू असताना शिस्तीचं कारण देऊन टीममधून घरी पाठवलं आणि पवनने तो आरोप साफ नाकारला. एवढंच बाहेर आलं. आत काय झालं ते ड्रेसिंग रूममधल्यांना माहीत. त्यावर लोकांनी कथा रचल्या, कोणी त्याला गर्विष्ठ ठरवलं, कोणी कोचला. मला त्यातलं एकच बोलता येतं की टीमने चालू सीझनमध्ये आपला कॅप्टन काढला आणि त्याच्या जागी चढाईचं ओझं अर्जुनवर आलं, ते मॅटवर दिसत होतं. जे दिसलं त्यावर बोला. माणूस कसा आहे यावर निकाल देण्याएवढं आपल्याला कोणालाच काही माहीत नाही, आणि ही पोरं गावाकडून मातीतून वर आलेली आहेत, त्यांच्या नावाला उगाच डाग लावू नका.

हरलेली फायनल कशी बघायची

हे माझ्यासारख्या फॅनसाठी. ३१ ऑक्टोबर २०२५, दिल्ली, त्यागराज स्टेडियम, दबंग दिल्लीने पलटणला ३१–२८ ने हरवलं. लीगमध्ये आम्ही वर, क्वालिफायरला दिल्लीसोबत ३४–३४ बरोबरी आणि टायब्रेकरला हार, मग तेलुगूला हरवून परत फायनलला, आणि तिथे तीन पॉइंटने गेलं. आदित्य शिंदेने त्या फायनलला जीव तोडून चढाया केल्या, सुपर टेन मारली, म्हणजे एका मॅचला किमान दहा रेड पॉइंट. दुसऱ्या दिवशी लोक म्हणत होते शेवटच्या दोन मिनिटांत घालवली.

नाही हो. मॅच परत बघा, पहिला हाफ बघा. हाफटाइमलाच आम्ही मागे होतो, नीरज नरवाल आणि अजिंक्य पवार, तोही आपलाच मराठी गडी पण तिकडून खेळणारा, हे दोघं आलटून पालटून एक-एक पॉइंट उचलत होते. मोठी चढाई नाही, गाजावाजा नाही, फक्त आमचा बचाव सतत एकाने कमी. दुसऱ्या हाफला आपण चढून आलो ते बघून वाटतं की शेवट चुकला, पण चढून यायची वेळ का आली हा प्रश्न आधीचा आहे. म्हणून हरलेली मॅच परत बघताना शेवटची पाच मिनिटं बघूच नका सुरुवातीला, त्यात राग येतो आणि दुसरं काही दिसत नाही. पहिली दहा मिनिटं बघा, कुठल्या चढाईला बचावाने घाई केली ते लिहून काढा. आणि हायलाइट्सवर अजिबात जाऊ नका, त्यात रिकाम्या चढाया कापलेल्या असतात, म्हणजे खेळच कापलेला असतो.

दिल्लीचं कौतुकही करायला पाहिजे मोकळ्या मनाने. जोगिंदर नरवाल, आठव्या सीझनला दिल्लीने पहिला कप घेतला तेव्हा कॅप्टन, आणि आता कोच म्हणून कप. आणि फझल अजून खेळतोय, अजून तसाच डाव्या कोपऱ्यात पाय पुढे टाकून वाट बघतोय, त्याच्याकडून शिकण्यासारखं आहे आपल्या सगळ्या नव्या बचावपटूंना.

लीगबद्दल बोलायचं तर

नियम बदलले त्याबद्दल थोडक्यात. आधी जिंकल्यावर ५ पॉइंट, बरोबरीला ३ आणि सात किंवा त्याहून कमी पॉइंटने हरलं तर १ मिळायचा. १२व्या सीझनपासून जिंकलं तर २, हरलं तर शून्य, आणि बरोबरी झाली की टायब्रेकर. मला स्वतःला जुना १ पॉइंट आवडायचा, कारण मॅच हातातून गेली तरी टीम शेवटपर्यंत झगडायची, फरक सातपर्यंत आणायला. टायब्रेकरने थरार येतो हे मान्य, पण त्या शेवटच्या झगड्याची किंमत गेली. तुम्हाला पटणार नाही कदाचित, चालेल, फक्त नव्या पद्धतीत मोठ्या फरकाने मागे पडलेली टीम शेवटची पाच मिनिटं कशी खेळते ते जुन्या मॅचेसशी ताडून बघा.

पण ज्या गोष्टीवर मी कोणाचं ऐकणार नाही ती म्हणजे घरच्या मॅचेस. १२वा सीझन झाला विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली एवढ्या चारच शहरांत. पुणे नाही, मुंबई नाही! २६ जुलै २०१४ ला ही लीग सुरूच झाली वरळीच्या डोममध्ये, यू मुंबा विरुद्ध जयपूर. ज्या राज्यात गल्लोगल्ली मंडळाची टीम आहे, जिथे बुवा साळवींसारख्या माणसाने या खेळासाठी आयुष्य घातलं, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ ला बर्लिनला नेऊन जगाला हा खेळ दाखवला, तिथल्या दोन टीम्स आणि घरी एक मॅच नाही. खर्च वाचतो, प्रवास वाचतो हे कळतं मला. दहाव्या सीझनला बारा शहरं फिरले होतेच ना? बालेवाडीला ११व्या सीझनची फायनल झाली तेव्हा गावागावातून गाड्या करून पोरं आली होती. टीव्हीवर साखळी दिसत नाही नीट, कॅमेरा रेडरच्या मागे असतो. स्टॅंडमध्ये बसलं की अख्खे सात एकदम हलताना दिसतात आणि कोपऱ्याने कव्हरला हाताने केलेली खूण दिसते. एखाद्या दहा वर्षांच्या पोराला कबड्डी शिकवायची असेल तर ते दाखवायला पाहिजे. तेव्हा तुम्हाला मालकांना, लीगला काही सांगायचं असेल तर ऑक्शनच्या शिव्या बाजूला ठेवा आणि हे सांगा, घरच्या मॅचेस परत द्या. आणि तोवर जवळपास राज्यस्तरीय स्पर्धा असेल, शिवजयंतीच्या, मंडळाच्या स्पर्धा असतील, तिथे जाऊन बसा. मॅटच्या कडेला, कोपऱ्याच्या बाजूने बसा, मध्यरेषेच्या बाजूने नको.

महिलांची लीग

ही शेवटची गोष्ट पण माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी. २०१६ ला चौथ्या सीझनबरोबर महिलांची तीन टीम्सची छोटी स्पर्धा घेतली होती, आइस दिवाज, फायर बर्ड्स आणि स्टॉर्म क्वीन्स, आपली अभिलाषा म्हात्रे आइस दिवाजची कॅप्टन. छान झाली होती. त्यानंतर पुरुषांच्या लीगसोबत परत नाही झाली. आणि या मुलींनी २४ नोव्हेंबर २०२५ ला ढाक्याला वर्ल्ड कप जिंकला, सेमीला इराण आणि फायनलला चायनीज तैपेईला ३५–२८ ने हरवून. रितू नेगी कॅप्टन, मुंबईची सोनाली शिंगटे टीममध्ये. त्याच महिन्यात क्रिकेटच्या मुलींनी पण वर्ल्ड कप जिंकला होता आणि सगळा देश नाचला, नाचायलाच पाहिजे होतं, पण कबड्डीच्या मुलींच्या वाट्याला पेपरचा एक कोपरा आला.

तर तुम्ही काय करू शकता, ती ढाक्याची फायनल अख्खी बघा. महिलांचं मैदान १२ बाय ८ मीटरचं असतं, पुरुषांचं १३ बाय १०, त्यामुळे रेडरला पळायला जागा कमी आणि चढाई-पकड दोन्ही अंगाला अंग लावून चालतात. तैपेईच्या मुली किती वेगाने आत शिरतात ते बघा, सोपी मॅच नव्हती ती, सात पॉइंटचाच फरक होता. बघताना तेच करा जे वर सांगितलं, गडी मोजा, तिसरी चढाई बघा, कोपऱ्यातल्या मुलीचा पाय बघा. आणि मग पुढच्या ऑक्शनच्या वेळी कोणी २ कोटी की सव्वादोन कोटी असा वाद घालायला लागला की त्याला विचारा, ढाक्याच्या टीममधल्या तीन मुलींची नावं सांग. येत नसतील तर सांगा त्याला, आणि लीग कधी सुरू करणार हे दर सीझनला, दर पत्रकार परिषदेत कोणीतरी विचारेपर्यंत विचारत राहा.